व्हॅनचा सरकता दरवाजा आणि व्हीलचेअर: कोकणातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात कोणी व्हीलचेअर वापरतं आणि दारात इको, जुनी ओम्नी किंवा विंगर यांपैकी एखादी व्हॅन उभी असते, अशा रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या घरांतून हे प्रश्न वर्षभर येत असतात. उत्तरं देताना एक गोष्ट धरून चाललो आहे. खुर्चीवरच्या माणसाला गाडीत जाताना पोत्यासारखं उचलून टाकलं जाऊ नये. दोन माणसांनी काखेत हात घालून ओढणं ही कोकणातल्या घराघरांतली रोजची पद्धत झाली आहे. त्यात खांदे निखळतात, उचलणाऱ्याच्या कमरा जातात आणि बसणाऱ्याला दर वेळी कानकोंडं व्हायला होतं. दरवाजा आणि दरवाज्यासमोरची जमीन या दोन्ही गोष्टी नीट केल्या तर बहुतेक घरांत हे टळतं.

सरकत्या दरवाज्याची गाडी व्हीलचेअरसाठी चांगली, असं सगळे सांगतात. ते खरं का?

बऱ्याच अंशी खरं. साधा दरवाजा बाहेर उघडतो आणि खुर्ची नेमकी जिथे लावायची तिथेच आडवा येतो. सरकता दरवाजा गाडीच्या अंगाला धरून मागे जातो, त्यामुळे खुर्ची सीटच्या अगदी जवळ लागते. गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, खेटून गाडी उभी करावी लागते अशा अरुंद वाटेवर दरवाजा तरी पूर्ण उघडतो.

पण दरवाज्याला जागा लागत नाही म्हणजे खुर्चीला लागत नाही असं नव्हे. फूटरेस्टसकट खुर्ची साधारण १०५ ते ११० सेंटिमीटर लांब असते, आणि ती वळवून लावायला, शिवाय मागे धरणाऱ्याला उभं राहायला, गाडीच्या बाजूला किमान दीड मीटर सपाट जागा हवी. गडग्याला खेटून उभ्या केलेल्या व्हॅनमध्ये चालतं माणूस चढेल, व्हीलचेअर नाही. दरवाज्यावर खर्च करण्याआधी घरी, दवाखान्यात आणि नेहमीच्या दोन-चार ठिकाणी ही दीड मीटर जागा मिळते का ते बघून या.

खुर्चीसकट बाजूच्या दरवाज्यातून आत जाता येईल का?

इको किंवा ओम्नीत नाही. हे सरळ सांगितलेलं बरं, कारण या एका आशेपायी लोक सीटा काढून टाकतात आणि मग पस्तावतात. इको बाहेरून १४७५ मिलिमीटर रुंद आहे, आतून त्याहून कमी. बाजूने आत आलेली खुर्ची पुढे तोंड करायची तर नव्वद अंशांत वळवावी लागते आणि नेहमीच्या खुर्चीला त्यासाठी दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. ती तिथे नाही. खुर्ची आडवीच ठेवून माणसाला तसंच बसवून नेणं हा मार्ग नाही, कारण ब्रेक लागला की माणूस खुर्चीच्या हातावरून बाजूला कोसळतं.

शिवाय डोक्याचा प्रश्न असतो. खुर्चीत बसलेल्या मोठ्या माणसाचं डोकं जमिनीपासून १२० ते १३५ सेंटिमीटरवर येतं. दरवाज्याच्या उंबरठ्यापासून वरच्या चौकटीपर्यंतची उंची मोजा, फरक लगेच कळेल.

म्हणून छोट्या व्हॅनचा बाजूचा दरवाजा खुर्चीतून सीटवर सरकण्यासाठी वापरायचा. खुर्चीसकटच जायचं असेल तर मागच्या दारातून सरळ रेषेत रॅम्पने आत जाणं सोपं, आणि त्यासाठी विंगरसारखी उंच छपराची गाडी घ्यावी लागते. विंगरचा सरकता दरवाजा डाव्या बाजूला एकच असतो, इको-ओम्नीला दोन्ही बाजूंना. उजवा दरवाजा रहदारीच्या अंगाला उघडतो, त्यामुळे रस्त्यावर तो वापरू नका. अंगणात मात्र उपयोगी पडतो.

फॅब्रिकेटरकडे जाण्याआधी काय मोजून न्यायचं?

दरवाजा पूर्ण उघडल्यावर मिळणारी रुंदी, पण ती तीन ठिकाणी मोजा: उंबरठ्याजवळ, कमरेच्या उंचीवर आणि वर. सीटची कड आणि दरवाज्याची मागची बाजू आत येते, त्यामुळे तिन्ही आकडे वेगळे निघतात आणि कामाचा आकडा सगळ्यांत लहान असलेला. मग जमिनीपासून उंबरठा किती वर आहे, व्हॅनच्या सीटचा वरचा भाग किती वर आहे, खुर्चीची बैठक उशीसकट किती वर आहे आणि उंबरठ्यापासून सीटच्या कडेपर्यंत किती फट आहे. हे सगळं गाडीत नेहमीइतकी माणसं बसवून मोजा, कारण भरलेली गाडी थोडी खाली बसते. माणसाचं वजन आणि खुर्चीचं वजनही लिहून ठेवा. लोखंडी घडीची खुर्ची १६ ते २० किलो भरते, बॅटरीवरची त्याच्या कितीतरी पट.

दरवाजा फार जड झालाय, दोन हातांनी ओढावा लागतो. काय करायचं?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यांत स्वस्तात सुटणाराही. नवीन दरवाजा जड नसतो, आपल्याकडची हवा तो जड करते.

सरकता दरवाजा तीन ठिकाणी पेललेला असतो: वर छपराजवळचा रोलर, मधे मागच्या पत्र्यावरच्या रेलमधला रोलर आणि खाली उंबरठ्याजवळचा रोलर. खालच्यावर भार जास्त आणि घाणही तिथेच जास्त. लाल माती, वाळू, आंब्याच्या मोहराचा चिकट चुरा, चपलांबरोबर आलेली खडी हे सगळं खालच्या रेलमध्ये साचतं. पावसाळ्यात त्याचा चिखल होतो, रेलची पाणी जायची भोकं बुजतात, पाणी तुंबतं आणि खाऱ्या हवेत पत्रा कुजायला लागतो. मालवण, गुहागर, श्रीवर्धन अशा किनाऱ्याच्या गावांत हे दोन पावसाळ्यांतच दिसतं.

आधी रेल साफ करा. जुना टूथब्रश, मऊ काडी आणि गोडं पाणी एवढं पुरतं. पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा आणि वरून पेलाभर पाणी ओतून ते खाली पडतं का बघा. दरवाजा बंद स्थितीतून निघताना आधी बाहेर येतो आणि मग मागे सरकतो. रेलचं ते पुढचं वळण नीट तपासा, अडकणारे बहुतेक दरवाजे तिथेच अडकतात.

मग दरवाजा अर्धा उघडून मागच्या कडेला धरून वर उचलून बघा. खडखडत वर-खाली होत असेल तर रोलर झिजले आहेत. रोलर हाताने फिरवला आणि करकरला किंवा फिरलाच नाही, तर बदला. ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं असलं तरी ही गाडी इतकी वापरात होती की रोलर मिळतात. तिन्ही एकदम बदललेले बरे. एकच नवीन टाकला तर दरवाजा तिरका बसतो आणि नवा रोलरही लवकर जातो.

रोलर बदलूनही शेवटच्या चार बोटांत दणका द्यावा लागत असेल तर स्ट्रायकर, म्हणजे चौकटीवरचा ज्यात लॉक अडकतं तो भाग, सरकला आहे. त्याच्याभोवती पेन्सिलने खूण करून बोल्ट किंचित सैल करायचे, थोडं सरकवून परत आवळायचे. पाच मिनिटांचं काम आहे, पण मेस्त्रीसमोर उभं राहून करून घ्या. दरवाजा अर्धवट लॉकवर बसला तर धावत्या गाडीत उघडू शकतो, आणि त्याला टेकून बसलेल्या माणसाचा तोल आधीच कमी असतो.

रेलमध्ये ग्रीस की खोबरेल?

दोन्ही नको, आणि जुनं इंजिन ऑइल तर मुळीच नको. चिकट पदार्थावर लाल धूळ बसते आणि थोड्याच दिवसांत रेलमध्ये घासणारी पेस्ट तयार होते. रेलवर सिलिकॉन किंवा टेफ्लॉनचा कोरडा स्प्रे मारायचा. पांढरं लिथियम ग्रीस फक्त रोलर धरणाऱ्या दांड्यांच्या सांध्यांना आणि लॉकला, तेही थोडंसं. गंज दिसला तर तारेच्या ब्रशने घासून झिंकचा प्रायमर आणि वर रंग. समुद्रावरून किंवा जेट्टीवरून आलात की त्याच दिवशी रेल गोड्या पाण्याने धुवा.

उतारावर उघडलेला दरवाजा आपोआप पुढे येतो. अंगावर आदळला तर?

भीती बरोबर आहे. गाडीचं तोंड उताराकडे असलं की दरवाज्याचं वजनच त्याला पुढे ढकलतं आणि माणूस सरकत असताना तो गुडघ्यावर किंवा हातावर बसतो. पूर्ण उघडल्यावर दरवाजा अडकवून धरणारी एक स्प्रिंगची कडी असते. ती गंजते किंवा वाकते, आणि सपाट जागी कळतसुद्धा नाही. घाटीवरच्या घरांनी ती बदलून घ्यावीच. शिवाय मागच्या खांबाला हुक लावून दरवाज्याच्या आतल्या हँडलला अडकेल असा जाड पट्टा शिवून घ्या. खुर्ची जवळ आणण्याआधी पट्टा लावायचा आणि सगळं झाल्यावर काढायचा, असा क्रम घरातल्या सगळ्यांनी पाळला पाहिजे.

शक्य असेल तिथे गाडीचं तोंड चढाकडे ठेवा. तेव्हा दरवाजा उघडाच राहतो, पण बंद करताना जोर लागतो, ते काम दुसऱ्याने करावं.

आईच्या हातात जोर नाही, पण दरवाजा तिला स्वतः उघडायचाय.

मग तिला उघडू द्या, त्यासाठी थोडी सोय करावी लागेल. आतलं हँडल लहान असतं आणि बोटांनी आवळून ओढावं लागतं. त्याला रुंद पट्ट्याचा मोठा फासा बांधा, म्हणजे मनगट किंवा कोपर अडकवून ओढता येतं. पट्टा सीट बेल्टच्या जातीचा घ्या, सुती नको, पावसात त्याला बुरशी लागते. बाहेरच्या हँडलसाठी गॅरेजवाले लांब दांड्याचं हँडल बसवून देतात. दरवाजा हलका चालत असेल तरच या दोन्हींचा उपयोग होतो, म्हणून आधी रोलर.

चाइल्ड लॉक चालू आहे का तेही बघा. आतून दरवाजा उघडत नाही अशा तक्रारीमागे बरेचदा तेवढंच असतं.

खुर्ची खाली आणि व्हॅनची सीट वर. तो फरक कसा मिटवायचा?

खरी अडचण इथेच आहे आणि दरवाज्यावर कितीही पैसे घातले तरी ती सुटत नाही. खुर्चीची बैठक उशीसकट पन्नास सेंटिमीटरच्या आसपास असते, व्हॅनची सीट त्याहून बरीच वर. वीस सेंटिमीटरचा फरक म्हटलं तरी हातांच्या बळावर स्वतःला वर उचलणं धडधाकट माणसालाही जड जातं.

आपल्याकडे याचं उत्तर अंगणातच आहे: चिरा, म्हणजे जांभ्या दगडाचा ठोकळा. गाडी जिथे उभी राहते तिथे, जेवढा फरक निघाला तेवढ्या उंचीचा चिऱ्याचा ओटा बांधा आणि त्याला उतार द्या. वीस सेंटिमीटर चढायला बारास एक उतार (बारा लांबीला एक चढ) धरला तर दोन मीटर चाळीस सेंटिमीटर लांबी पुरते. खळ्याच्या एका कडेला ती सहज बसते. वर दीड मीटर लांब आणि दीड मीटर रुंद सपाट जागा ठेवा, म्हणजे खुर्ची वळवता येते. खुर्ची ओट्यावर आली की तिची बैठक आणि गाडीची सीट एका पातळीत येतात. मग उचलायचं काहीच उरत नाही, फक्त सरकायचं.

बांधताना काही गोष्टींकडे लक्ष द्या. ओट्याचा वरचा भाग दरवाज्याच्या खालच्या कडेपेक्षा खाली राहिला पाहिजे, नाहीतर बाहेर येणारा दरवाजा ओट्यावर घासेल. उघड्या कडांना पाच-सात सेंटिमीटरचा कठडा ठेवा, खुर्चीची पुढची छोटी चाकं कडेवरून घसरतात. वर खडबडीत सिमेंट करून आडव्या रेघा ओढा. उघड्या चिऱ्यावर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात शेवाळ धरतं आणि तिथे खुर्चीही घसरते, ढकलणाराही. पावसात मधूनमधून ब्लीचिंग पावडर टाकून घासून काढा. गाडीच्या मागच्या चाकांना अडवायला जमिनीत दोन चिरे पुरून ठेवा, म्हणजे गाडी दर वेळी त्याच जागी थांबते आणि दरवाजा ओट्यासमोरच येतो.

हा ओटा आरटीओला विचारून बांधावा लागत नाही, त्याला गंज चढत नाही आणि गाडी बदलली तरी कामाला येतो. कोणी मला एकच बदल सुचवा म्हटलं तर मी हाच सुचवतो.

सरकायची फळी कशी असावी?

अठरा मिलिमीटरचं मरीन प्लाय, साधारण ७५ सेंटिमीटर लांब आणि २५ ते ३० सेंटिमीटर रुंद. कडा गोल, वरून गुळगुळीत लॅमिनेट, खाली दोन्ही टोकांना रबराच्या पट्ट्या. फणसाच्या लाकडाची फळीही चांगली होते, पण तासून गुळगुळीत करा आणि भिजू देऊ नका.

खुर्ची सीटला साधारण तीस अंशांत तिरकी लावायची, दोन्ही ब्रेक लावायचे, खुर्चीचा गाडीकडचा हात (आर्मरेस्ट) काढायचा, फूटरेस्ट बाजूला. फळीचं एक टोक मांडीखाली नीट सरकवायचं, दुसरं सीटवर किमान वीतभर. मग पुढे झुकून, मान खाली घालून, थोडं थोडं सरकायचं. दरवाज्याच्या वरच्या चौकटीला जाड फोमची पट्टी चिकटवा, डोकं तिथेच आपटतं. उघड्या अंगाने किंवा घामेजलेल्या मांडीने फळीवर सरकू नये, कातडी ओढली जाते. मज्जारज्जूच्या इजेत तिथे संवेदना नसते आणि जखम दिसेपर्यंत उशीर होतो. पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टसमोर करून बघा.

आधाराला दांडा कुठे बसवायचा?

पुढच्या आणि मधल्या दरवाज्यामधल्या खांबावर, आतून पत्र्याची प्लेट लावून आरपार बोल्टने. प्लास्टिकच्या अस्तरावर स्क्रूने बसवलेला दांडा पूर्ण वजन आलं की उखडतो. सीट बेल्टची यंत्रणा आणि वायरिंग त्याच खांबात असतं, तेव्हा अस्तर काढून बघितल्याशिवाय ड्रिल लावू देऊ नका.

पायरी लावावी का?

चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी हो. व्हीलचेअरसाठी कायमची पायरी त्रासाची, कारण खुर्ची तेवढी लांब राहते आणि फट वाढते. लावायचीच तर घडी होऊन आत जाणारी लावा.

मागच्या दाराला रॅम्प लावायचा आहे. किती लांब?

मजला जमिनीपासून पन्नास सेंटिमीटर वर आहे असं धरू. चारास एक उताराला दोन मीटरचा रॅम्प लागतो, सहास एकला तीन मीटरचा, बारास एकला सहा मीटरचा. साठ किलोचं माणूस आणि अठरा किलोची खुर्ची मिळून ७८ किलो. चारास एकवर ढकलणाऱ्याला जवळजवळ १९ किलोचा जोर सतत लावावा लागतो, सहास एकवर १३, बारास एकवर साडेसहा. घरात ढकलणारी सत्तरीतली बायको असेल तर दोन मीटरच्या रॅम्पवर समाधान मानू नका.

सहा मीटर कोणी गाडीत नेत नाही. इथेही चिऱ्याच्या ओट्यासारखं काम होतं: घरी ओट्याला मागचं दार लावलं की उरलेल्या तीस सेंटिमीटरला छोटा रॅम्प पुरतो. रॅम्प ॲल्युमिनियमचा, वर खडबडीत, कडा उचललेल्या आणि गाडीला अडकणारा हवा. नुसता टेकवलेला रॅम्प चाक चढताना मागे सरकतो.

दरवाजा बटणावर उघडणारा करता येईल का?

कंपनीकडूनच तशी सोय असलेल्या गाड्या आपल्याकडे मिळतात, २०२० मध्ये आलेली किया कार्निव्हल किंवा टोयोटा वेलफायर, पण त्यांची किंमत बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरची आहे. साध्या व्हॅनला बाहेरून मोटर बसवून घ्यायची असेल तर तीन गोष्टींवर तडजोड करू नका: मधे हात किंवा पाय आला की दरवाजा थांबून मागे गेला पाहिजे, बॅटरी उतरली तरी हाताने उघडता आला पाहिजे आणि गाडी चालू असताना बटण निकामी झालं पाहिजे. यातलं एक जरी नसेल तर मोटर नको. किनाऱ्यालगतच्या गावांत जोडण्या लवकर गंजतात हेही धरून चला. माझं मत विचाराल तर नीट चालणारा हाताचा दरवाजा इथे जास्त भरवशाचा.

परदेशात व्हॅनचा मजलाच खाली घेतात. आपल्याकडे?

अमेरिकेत टोयोटा सिएना, क्रायस्लर पॅसिफिकासारख्या मिनीव्हॅनचा मजला कापून खाली घेतात, बाजूच्या दरवाज्यातून रॅम्प बाहेर येतो आणि काही गाड्या त्या बाजूला वाकतातही. पुढची दोन्ही चाकं इंजिनाने ओढली जाणाऱ्या रुंद गाड्यांत ते जमतं. इकोत इंजिन पुढच्या सीटांखाली असतं आणि ताकद मागच्या चाकांना जाते, म्हणून मजल्याखालून ती ताकद नेणारा दांडा जातो. त्यात आपल्याकडची गतिरोधकं, वाडीतले कच्चे रस्ते आणि जुलैतलं पाणी. गावच्या गॅरेजमध्ये मजला कापू नका, गाडीचा सांगाडाच कमजोर होतो.

खुर्चीतच बसून प्रवास केला तर चालेल?

खुर्ची त्यासाठी बनवलेली असेल तर. गाडीत सीट म्हणून वापरायच्या खुर्चीसाठी आयएसओ ७१७६-१९ हे मानक आहे आणि ती बांधायच्या पट्ट्यांसाठी आयएसओ १०५४२. साधी घडीची खुर्ची अपघाताचा धक्का सोसण्यासाठी केलेली नसते, म्हणून सीटवर सरकता येत असेल तर सीटवरच बसावं आणि बेल्ट लावावा.

खुर्चीतच राहावं लागत असेल तर तोंड पुढे, चार कोपऱ्यांना चार पट्टे, ते मजल्याच्या सांगाड्याला पक्के जोडलेले, आणि माणसाला वेगळा बेल्ट. खुर्ची बांधली म्हणजे माणूस बांधलं असं होत नाही. काथ्याची किंवा नायलॉनची दोरी आंबा घाटाच्या वळणांवर सैल पडते. रिकामी घडी केलेली खुर्चीही बांधा, अठरा किलोचं लोखंड ब्रेक लागल्यावर मोकळं सुटता कामा नये.

पावसात काय?

सरकता दरवाजा उघडला की वर काहीच राहत नाही, साध्या दरवाज्याएवढाही आडोसा नाही. सरकायला पाच-सात मिनिटं लागणारं माणूस तेवढ्यात चिंब होतं. छपराच्या कडेला नळी बसवून तिच्यात गुंडाळलेली ताडपत्री ठेवा, दोन काठ्यांवर ओढली की दीड मीटरचं छप्पर होतं. घरी ओट्यावर पडवीचे पत्रे पुढे ओढून घेता आले तर उत्तमच, फक्त पागोळी दरवाज्याच्या तोंडावर पडणार नाही असं बघा.

आत खाचांचं रबरी मॅट टाका. काथ्याचं पायपुसणं पाणी धरून ठेवतं आणि त्याखाली पत्रा कुजतो. दरवाज्याचं रबर मेच्या अखेरीस तपासून घ्या.

फेरीबोटीवर गाडी नेताना काही वेगळी काळजी?

दाभोळ–धोपावे, वेसवी–बागमांडले, दिघी–आगरदांडा, जयगड–तवसाळ या फेऱ्यांमुळे मोठे वळसे वाचतात आणि खुर्चीवरच्या माणसाला ते फार महत्त्वाचं. पण बोटीवर गाड्या इतक्या जवळ लावतात की दरवाजा उघडला तरी खुर्ची उतरवायला जागा नसते. गाडी चढवण्याआधीच तिथल्या माणसांना सांगा की आत व्हीलचेअर वापरणारं माणूस आहे, सरकत्या दरवाज्याच्या बाजूला मोकळी जागा हवी आणि गाडी कडेला किंवा पुढे लावा. बोट खाडीत असताना विनाकारण गाडीतून उतरायची घाई करू नका, पण गरज पडली तर बाहेर येता आलं पाहिजे.

ओहोटीला जेट्टीचा उतार जास्त असतो. मजल्याखाली रॅम्प किंवा घडीची पायरी बसवली असेल तर ती तिथे घासते. भरतीच्या वेळेची फेरी धरा.

आरटीओ, विमा, टोल यांचं काय?

रोलर, पट्टा, दांडा, फोम यांनी आरसी बुकातली नोंद बदलत नाही. सीट काढली की बदलते, कारण आसनसंख्या तिथे छापलेली असते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई करतं, पण अपंग व्यक्तीच्या वापरासाठी गाडी बदलून घ्यायला त्याच कायद्यात वाट आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने अशा गाडीची ‘अॅडाप्टेड व्हेइकल’ अशी व्याख्याही दिली आहे. काम सुरू करण्याआधी आपल्या आरटीओत, म्हणजे रायगडसाठी पेण, नाहीतर रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग, कामाचं चित्र आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (अपंग व्यक्तीचं सरकारी ओळखपत्र) घेऊन जा आणि जे सांगतील ते लेखी घ्या. तिथे कोणी टाळाटाळ केली तर अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधलं कलम ४१ दाखवा. परवडणाऱ्या खर्चात वैयक्तिक प्रवासासाठी योजना करणं, त्यात गाड्यांमधले बदलही आले, हे त्यात सरकारचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे.

बदल विमा कंपनीला कळवा, न कळवल्यास दावा अडतो. अपंगांसाठी बदललेल्या गाडीला हप्त्यात सवलत देणारं आयएमटी १२ हे मोटार विम्यातलं कलम आहे, ते नावाने मागा. राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या शुल्क नियमांत अपंग व्यक्तीसाठी खास बनवलेल्या गाडीला टोलमाफी आहे, मात्र आरसीवर तशी नोंद हवी.

गणपतीला आईला मुंबईहून भाड्याच्या गाडीने आणायचं आहे. ड्रायव्हरला काय सांगू?

गाडी ठरवतानाच सांगा, आदल्या रात्री नको. सरकता दरवाजा कुठल्या बाजूला आहे, पूर्ण उघडल्यावर अडकून राहतो का, घडीची खुर्ची कुठे बसेल हे विचारा आणि जमल्यास मोबाईलवर दरवाज्याचा उघडतानाचा व्हिडिओ मागवा. गणपतीच्या दिवसांत ६६ क्रमांकाच्या महामार्गावर तासन्‌तास कोंडी असते, तेव्हा थांबायची ठिकाणं आधी ठरवा, जिथे डाव्या अंगाला गटार नाही, सपाट जागा आहे आणि खुर्ची आत जाईल असं स्वच्छतागृह आहे. एकाच जागी बसून राहिल्याने पाठीवर, माकडहाडावर जखमा होतात. बसल्या जागी दर अर्ध्या तासाला बाजूला झुकून भार हलवायला सांगा, आणि खुर्चीची उशी व्हॅनच्या सीटवर घाला.

सरकताना ड्रायव्हरने मदतीला धावू नये, आईने मागितली तरच हात द्यावा, हे त्याला आधीच नीट सांगा. कसं सरकायचं, कुठे धरायचं, किती वेळ लागेल हे तिला माहीत असतं. त्याने गाडी सपाट जागी लावायची, हँडब्रेक ओढायचा, पट्टा अडकवायचा आणि ती सीटवर नीट बसून ‘झालं’ म्हणेपर्यंत दरवाज्याला हात लावायचा नाही.